मणक्यातील गाऊट : निदानासाठी प्रतिमाचाचण्यांची मदत

पायाचा अंगठा सुजून ठणकणे ही गाऊटची परिचित खूण. मात्र युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक क्वचित मणक्यातही साचतात. तेथील गाठ एमआरआयमध्ये क्षयरोग वा ट्यूमरसारखी भासून उपचारांची दिशा चुकू शकते. ड्युअल एनर्जी सीटी स्कॅनमध्ये दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांमुळे हे स्फटिक कॅल्शियमपासून वेगळे ओळखता येतात. हातापायांच्या सांध्यांत सोनोग्राफीवर कूर्चेच्या पृष्ठभागी स्फटिकांची जादा रेषा दिसते. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन्ही तपासण्यांचा समावेश झाला. आजाराच्या प्रारंभी सीटी स्कॅनमध्ये स्फटिक न दिसणेही संभवते. म्हणून सुईने घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली ते आढळणे हाच निर्णायक पुरावा होय. संगमेश्वरसारख्या गावातून पाठदुखीच्या तपासणीसाठी शहरात जाणाऱ्या रुग्णाने गाऊटचा पूर्वेतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा.