क्रायसिग आणि श्लेगेलबर्गर

या शब्बाथला आपण ‘शोफ्तीम’ हा पाराशा ऐकला. न्यायाधीश कसा असावा, हे त्यात सांगितले आहे. माझे आयुष्य न्यायालयात नव्हे, रुग्णालयात गेले. म्हणूनच की काय, मला आठवतो तो न्यायाधीश रुग्णांसाठी उभा राहिलेला आहे.

लोथार क्रायसिग हे जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे मनोरुग्णांच्या पालकत्वाचे काम पाहणारे न्यायाधीश होते. 1940 मध्ये त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या पालकत्वाखालील रुग्णांच्या मृत्यूच्या नोंदी एकाएकी वाढल्या आहेत. अशा नोंदी मीही आयुष्यभर लिहिल्या. त्यांत खोटे कुठे लपते, हे परिचारिकेला कळते. ज्याचे अपेंडिक्स पूर्वीच काढलेले, तो अपेंडिक्सच्या दुखण्याने वारला, असे काही कुटुंबांना कळवले गेले! वस्तुतः रुग्णांना विषारी वायूने मारले जात होते. ऑगस्ट 1941 पर्यंत असे सुमारे 70,000 जीव गेले. त्यांना बसमधून नेणाऱ्यांत परिचारिकाही होत्या, हे मी लपवणार नाही.

क्रायसिग यांनी न्यायमंत्री ग्युर्टनर यांना पत्र लिहिले, हिटलरच्या कार्यालयाचे प्रमुख बूलर यांच्यावर खुनाची फिर्याद केली आणि आपल्या संमतीवाचून एकाही रुग्णाला हलवू नये, असे रुग्णालयांना बजावले. मंत्र्यांनी हिटलरच्या सहीची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीने कायदा होत नाही, या म्हणण्यावर क्रायसिग ठाम राहिले. त्यांचे पद गेले. परंतु 1942 मध्ये त्यांना निवृत्तिवेतन देऊन घरी बसवले, फाशी दिली नाही. पुढे त्यांनी आपल्या शेतावर दोन यहुदी स्त्रियांना लपवले.

आणि बाकीचे? एप्रिल 1941 मध्ये प्रभारी मंत्री श्लेगेलबर्गर यांनी देशातील ज्येष्ठ न्यायाधीशांना व सरकारी वकिलांना बर्लिनला बोलावले आणि या हत्यांची माहिती दिली. कुणीही हरकत घेतली नाही. नुरेम्बर्गच्या खटल्यात श्लेगेलबर्गर यांचा बचाव असा की, मी पद सोडले असते तर माझ्याहून वाईट माणूस आला असता. यात तथ्य होते; तसा माणूस नंतर खरोखरच आला. तरीही 1947 मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. प्रकृतीच्या कारणावरून ते काही वर्षांतच सुटले, ते वेगळे. मलाही तो बचाव पटत नाही. त्यांच्यासारखा विद्वान कायदेपंडित खुर्चीवर आहे, हे पाहूनच हाताखालची माणसे निर्धास्त राहिली.

1958 मध्ये क्रायसिग यांनी प्रायश्चित्त म्हणून सेवा करणारी एक संस्था स्थापन केली. तिचे तरुण 1961 पासून आपल्या देशात येतात. आमच्या वॉर्डात असा एक जर्मन मुलगा वृद्धांना भरवीत असे. त्यांतल्या काहींच्या हातावर छावणीचा क्रमांक गोंदलेला होता. क्रायसिग हे नाव मी प्रथम त्या मुलाकडून ऐकले.