तीन तोळ्यांची गोळी

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या शाळेतला एक मुलगा रुमालात काहीतरी बांधून माझ्याकडे आला. आंबागडाच्या बाजूला त्यांचे शेत आहे. नांगराच्या तासात त्याच्या वडिलांना ती वस्तू सापडली होती. रुमाल सोडला तो आत शिशाचा एक काळपट ठोकळा निघाला. बोटाच्या पेराएवढा, पुढून गोलसर आणि मागून पोकळ. मुलाने विचारले, "गुरुजी, बंदुकीची गोळी आहे म्हणतात. चांगली होती का ही?"

प्रश्न मोठा मौजेचा होता. गोळी चांगली म्हणजे काय? मी तिला खिशात टाकून आमच्या ओळखीच्या सोनारांकडे गेलो. त्यांनी ती काट्यात घातली, गुंजा टाकल्या, काढल्या आणि म्हणाले, "तीन तोळ्यांस थोडी कमी. गुरुजी, सोना असता तं मी दुकान बंद करून तुमच्याच मांग आलो असतो!"

त्या वजनाने माझ्या डोक्यात एक किल्ली फिरली. इंग्रज लोक गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजत, आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे साऱ्या जगाच्या गोळ्या सोनाराच्या काट्यावर तोलता येतात. तीन तोळ्यांस थोडी कमी, बूड पोकळ. ही तर १८५३ सालच्या एन्फील्ड रायफलीची ५३० ग्रेनांची गोळी. जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली हिंदुस्थान पेटवला, तीच ही. त्या दिवसापासून गोळ्यांच्या वजनाचा आणि पल्ल्याचा इतिहास वाचण्याचा मला नाद लागला. दिवाळीच्या फराळाबरोबर बंदुकीची दारू वाढणे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फटाके तरी दुसऱ्या कशाचे असतात?

एन्फील्डच्या आधीची गोळी म्हणजे साधी शिशाची वाटोळी गोटी. कंपनीच्या पलटणींची चकमकीची बंदूक हीच गोटी फेकत असे. तिचे वजन पावणेतीन तोळ्यांच्या घरात. नळी आतून गुळगुळीत, आणि ठासायला सोपी जावी म्हणून गोटी नळीपेक्षा थोडी लहान. बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूचा लागेल त्याच्या उलट दिशेला जाई. शंभर वारांच्या आत माणसाला लागण्याची काही आशा, दोनशे वारांवर सगळा दैवाचा खेळ. म्हणूनच शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे करीत आणि एकदम बार काढीत. एकाचा नेम चुकला तरी शंभरांतून काही लागतीलच, असा तो हिशेब.

आमच्या बाजूला याचा पडताळा १८१७ साली आला. २६ आणि २७ नोव्हेंबरला नागपूरच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची गाठ पडली. भोसल्यांकडचे अरब तोडेदार बंदुका वापरीत. या लांब नळीच्या बंदुका भरायला वेळ खात, पण इंग्रजांच्या बंदुकीपेक्षा लांब आणि सरळ मारीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकलीसुद्धा. पुढे इंग्रजांच्या घोडदळाने धडक मारली, आणि अरबांच्या ठाण्यात दारूचा साठा उडून एकच गोंधळ झाला. त्याचा फायदा घेऊन इंग्रजांनी ती टेकडी परत घेतली. नेमबाजीत जे कमावले ते दारूच्या एका भडक्यात गेले. वाचकांनी हा भडका लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एन्फील्डने हा सगळा खेळ बदलला. तिच्या नळीला आतून आटे पाडलेले होते. ७८ इंचांत एक फेरा, असे ते आटे. गोळी नळीत सहज सरके, पण बार उडताच तिचे पोकळ बूड फुगून आट्यांत रुते आणि गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे. फिरता भोवरा जसा कलंडत नाही, तशी ही गोळीही हवेत कलंडत नाही. या रायफलीवर ९०० वारांपर्यंतच्या खुणा होत्या. पूर्वीच्या शिपायाला शंभर वारांपलीकडचा शत्रू नुसता पाहावा लागे. आता तो टप्प्यात आला.

मग चुरस लागली. १८५७ सालीच विलायतेत व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरची षट्कोनी नळीची रायफल एन्फील्डशेजारी ठेवून परीक्षा झाली. ५०० वारांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या केवळ साडेचार इंच. तरीही सरकारने व्हिटवर्थ घेतली नाही. तिची किंमत चौपट, आणि दारूच्या काजळीने तिची बारीक नळी लवकर चोंदे. कसोटीच्या मैदानावर पहिला नंबर आणि पलटणीत नापास! आम्हा मास्तरांना अशी मुले पुष्कळ भेटतात.

इथवरचा हिशेब नेमाचा झाला. आता जोराचा पाहू. त्यासाठी दोनच नियम ध्यानात घ्यावे. पहिला, गोळीचे वजन दुप्पट झाले तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. दुसरा, नळीतून सुटल्या क्षणापासून प्रत्येक गोळी झाडावरून सुटलेल्या आंब्यासारखी खाली पडू लागते. पाव सेकंदात सुमारे १ फूट, अर्ध्या सेकंदात ४ फूट, पूर्ण सेकंदात १६ फूट. म्हणजे गोळी जितकी हळू, तितका नेम वर धरावा लागणार. आणि अंतर ओळखण्यात चूक झाली की गोळी एकतर डोक्यावरून जाणार नाहीतर पायाशी माती उडवणार.

हा दुसरा नियम ज्याने जंगलात आणून बसवला, तो माणूस आमच्याच मध्य प्रांतातला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. १८६१ साली मध्य प्रांत झाला, भंडारा त्याचा एक जिल्हा. आणि पुढच्याच वर्षी पचमढीला घर बांधून हा गृहस्थ सातपुड्याची राने पालथी घालू लागला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे १८७१ सालचे पुस्तक पुष्कळांना ठाऊक असते. पण शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरही त्याने एक पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे, की आमच्या रानात शिकार दीडशे वारांच्या आतच होते. तिथे हजार वारांची लांबोडकी गोळी काय कामाची? त्यापेक्षा मोठी वाटोळी गोळी घ्या, आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवा आणि दारू भरपूर घाला. मग ती सुरुवातीच्या टप्प्यात बाणासारखी सरळ जाते, अंतराचा हिशेब करीत बसावे लागत नाही. पुढे वाटोळी गोळी हवेच्या विरोधाने लवकर दमते हे खरे. पण तोवर काम झालेले असते. जिला जग जुनाट म्हणून टाकून देत होते, ती गोटी जंगलातल्या थोड्या अंतरावर नव्या गोळीला भारी ठरली.

इंग्रजांची पुढची रायफल मार्टिनी-हेन्री, १८७१ सालची. गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे दोन तोळे आठ मासे. वेग सेकंदाला सुमारे १३०० फूट. मग १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू केली आणि सगळेच गणित उलटले. इंग्रजांनी कॉर्डाइट काढले. लोण्यासारखे मऊ करून दोऱ्यांसारखे ओढलेले ते मिश्रण होते. .३०३ रायफलीची सव्वा तोळ्याहूनही लहान गोळी आता सेकंदाला जवळजवळ २००० फूट वेगाने जाऊ लागली. गणिताने पाहिले तर तिचा जोर मार्टिनीच्या जाड गोळीएवढाच भरतो. पण १८९५ साली चित्रळच्या मोहिमेत शिपाई कुरकुरले, की ही गोळी लागूनही माणूस पुढे येतो. कारण उघड होते. कठीण धातूच्या वेष्टणातली बारीक गोळी सुईसारखी आरपार जाई आणि उरलेला जोर पलीकडच्या मातीत घालवी. यावर उपाय म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचे नाक उघडे ठेवले गेले, ते अंगात शिरताच फुलावे म्हणून. दमदम गोळीच्या जखमा इतक्या भयंकर निघाल्या की १८९९ साली हेगच्या परिषदेने युद्धात तशा गोळ्या वापरू नयेत असा ठराव केला. जोर किती, हा प्रश्न त्या दिवशी गणिताच्या वहीतून नीतीच्या वहीत गेला.

१९१० साली .३०३ ला टोकदार गोळी आली. वजन १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याला सहा ग्रेन कमी; वेग २४४० फूट. दोनशे वार जायला मार्टिनीच्या गोळीला अर्धा सेकंद लागे, म्हणजे ती चार फूट पडे. हिला पाव सेकंदाहून किंचित अधिक लागे, म्हणजे ती फूटभरच पडे. हलकी गोळी जिंकली ती अशी.

आमच्या नागझिऱ्या-नवेगावच्या रानांतही या साऱ्या पिढ्यांच्या गोळ्या उडाल्या. साहेब मचाणावर असे, आणि हाका घालणारी आमची माणसे पायी. गोळी कमजोर निघाली किंवा अंतर चुकले तर जखमी वाघ वळे तो मचाणाकडे नव्हे, हाकेकऱ्यांकडे. म्हणून 'पुरेसा जोर' हा शब्द मी वाचतो तेव्हा मला शिकारी दिसत नाही. हातात डबा आणि काठी घेऊन गवतातून चालणारा माणूस दिसतो. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला, १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, आणि तो हिशेब एकदाचा मिटला.

पण भंडाऱ्याचा गोळीशी संबंध मिटला नाही. तो उलट घट्ट झाला. १९६२ च्या हिमालयातल्या युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. दर बाराला हाताने खटका ओढावा लागणारी ती रायफल. त्या अनुभवानंतर ७.६२ मिलिमीटरची आपोआप भरणारी रायफल आली, नवे कारखाने उभे राहिले, आणि त्यांतला एक साठीच्या दशकात आमच्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आला. खडकी आणि वरणगाव इथे काडतुसे होतात. जवाहरनगरला त्यांच्या पोटातली दारू आणि इतर स्फोटके होतात.

७.६२ ची गोळी दहा माशांस थोडी कमी, वेग सेकंदाला २७५० फुटांच्या आसपास. पुढे १९९० नंतर इन्सास रायफल आली, तिची ५.५६ ची गोळी चारच माशांची. नळीच्या तोंडाशी तिचा जोर ७.६२ च्या निम्म्याहूनही कमी. पण काडतूस वजनाला निम्मे, म्हणून जवान तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे नेतो. धक्का कमी, म्हणून पुन्हा नेम लवकर बसतो. तीनशे मीटरांच्या आत हा सौदा बरा. त्यापलीकडे वारा हलक्या गोळीला अधिक ढकलतो, आणि डोंगरात एका धारेवरून दुसऱ्या धारेवर मारायचे तर उरलेला जोर अपुरा पडतो. २०१९ साली सैन्याने पुन्हा ७.६२ च्या नव्या रायफली विकत घेतल्या त्या यासाठीच. फोर्सिथचा प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा तोच: किती अंतरावर, आणि कशासाठी?

माझा एक जुना विद्यार्थी जवाहरनगरला कामाला आहे. त्याला मी विचारले, नेम कशावर ठरतो? तो म्हणाला, "गुरुजी, दारू एकसारखी पाहिजे." एका काडतुसातली दारू किंचित जोराने जळली आणि दुसऱ्यातली किंचित सुस्त, की वेग बदलतो, शंभर मीटरांवर ते कळतही नाही, पण पाचशेवर एक गोळी वर आणि एक खाली लागते. त्यातून थंडीत दारू मंद जळते, आणि उंचावर हवा विरळ म्हणून गोळी कमी अडते. भंडाऱ्याच्या वैशाखातल्या उन्हात केलेली दारू सियाचीनच्या बर्फात जळायची असते. म्हणजे पाचशे मीटरांवरचा नेम जवानाच्या बोटात असतो त्याच्या आधी इथल्या एका कामगाराच्या हातात असतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी मी शाळेत होतो. साडेदहाच्या सुमारास आवाज झाला. फळ्यावर खडू थांबला. मुलांपैकी कोणाचे वडील, कोणाचा काका, कोणाचा भाऊ त्या कारखान्यात. कोणी काही बोलले नाही, सगळी माझ्याकडे पाहत राहिली. कारखान्यात स्फोट होऊन छत कोसळले होते. आठ कामगार गेले. माझा विद्यार्थी दुसऱ्या विभागात होता, तो संध्याकाळी घरी आला. पण त्या तासाला मी मुलांना काय शिकवले ते मला आठवत नाही.

आपण गोळीची तुलना करतो तेव्हा दोनशे वार, पाचशे वार, हजार वार अशी अंतरे लिहितो. सगळी मोजणी नळीच्या तोंडापासून पुढे. नळीच्या मागचे अंतर कोणी मोजत नाही. आणि ज्यांच्यासाठी ते अगदीच थोडे असते, अशी माणसे आमच्या शेजारी राहतात, बाजारात भेटतात, दिवाळीला मुलांसाठी फुलबाज्या घेतात.

ती गोळी आता शाळेच्या कपाटात आहे, खाली चिठ्ठी लावून: 'एन्फील्ड, १८५३, वजन तीन तोळ्यांस थोडे कमी.' मुलगा परवा पुन्हा विचारीत होता, "गुरुजी, सांगा ना, चांगली होती का?" मी म्हणालो, "मातीत गेली, कोणाला लागली नसावी. चांगलीच म्हणायची." तो हसला. मग म्हणाला, "आमचे बाबा पण तेच म्हणत होते."