शैली आणि प्रयुक्ती

एकाच व्यक्तीच्या भाषेत प्रसंगानुरूप पडणाऱ्या फरकांसाठी समाजभाषाविज्ञानात वापरल्या जाणाऱ्या दोन संज्ञा. प्रयुक्ती अथवा रजिस्टर ही कामाशी बांधलेली असते, उदा., न्यायालयाची किंवा क्रिकेट समालोचनाची भाषा. त्या चौकटीत बोलणारा जी निवड करतो ती शैली. दोहोंमधील सीमारेषा सर्वमान्य नाही.

प्रयुक्ती : टी. बी. डब्ल्यू. रीड यांनी ही संज्ञा १९५६ मध्ये वापरली. हॅलिडे, मॅकिन्टॉश व स्ट्रेव्हन्स यांच्या १९६४ मधील ग्रंथामुळे ती रुळली. बोली वापरणाऱ्यावरून ओळखावी, प्रयुक्ती वापरावरून, अशी त्यांची विभागणी होती. हॅलिडे यांच्या मांडणीत विषयक्षेत्र, परस्परसंबंध आणि माध्यम हे तिचे घटक आहेत. यांपैकी परस्परसंबंध हा घटक सरळ शैलीच्या प्रांतात शिरतो. मार्टिन जूस यांच्या पाच ‘शैलीं’ना तर अनेकजण प्रयुक्तीच म्हणतात.

शैली : विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स, मेसीज व क्लाइन या उतरत्या प्रतिष्ठेच्या दुकानांत २६४ कर्मचाऱ्यांची भाषा टिपली. चौथ्या मजल्यावरची वस्तू कुठे मिळेल असे विचारायचे, ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर मिळाले की ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा वदवून घ्यायचे. स्वरानंतरचा ‘र’ पूर्णतः वा अंशतः उच्चारणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६२, ५१ व २० टक्के निघाले. दुसऱ्या, ठासून दिलेल्या उत्तरात ‘र’ वाढला. स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष जितके अधिक तितकी शैली औपचारिक, असे लबॉव्ह यांचे सूत्र. त्यांच्या मुलाखतींत सहज गप्पांपासून शब्दयादीच्या वाचनापर्यंत पायऱ्या होत्या. मात्र वाचन ही शैलीची पायरी की निराळी प्रयुक्तीच, हा आक्षेप रास्त आहे.

ॲलन बेल यांचा पुरावा या दृष्टीने अधिक निर्णायक मानावा लागतो. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे तेच वृत्तनिवेदक दोन नभोवाणी केंद्रांवर बातम्या वाचत. माणूस तोच, काम तेच, म्हणजे प्रयुक्तीही तीच. तरी लोकप्रिय केंद्रावर दोन स्वरांमधला ‘ट’ अधिक वेळा ‘ड’कडे झुके. बदलला होता तो फक्त श्रोतृवर्ग. बेल यांनी १९८४ मध्ये यावरून श्रोतृलक्ष्यी शैलीचा सिद्धांत मांडला.

मराठीत : ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘आदेशान्वये’, ‘उचित कार्यवाहीस्तव’ ही शासकीय पत्रव्यवहाराच्या प्रयुक्तीची लेणी. ती लिहिणारा कारकून खिडकीशी आलेल्याला ‘साहेब अद्याप आलेले नाहीत’ म्हणतो की ‘साहेब नाय आले अजून’, हा शैलीचा भाग.

उत्तरकालीन विचार : आसिफ आगा यांनी प्रयुक्तीला सामाजिक ओळख कशी लाभते याचा, तर पेनिलोप एकर्ट यांनी शैलीतून घडणाऱ्या सामाजिक अर्थाचा अभ्यास केला.