चाळिशी लागली तरी विमान जोडता येतं : मोठ्या मापाच्या मॉडेल किटविषयी सर्व काही

तरुणपणी प्लास्टिकचं छोटं विमान जोडलेला माणूस साठीत पुन्हा तसाच खोका उघडतो, तेव्हा पहिली अडचण येते ती डोळ्यांची. वैमानिकाच्या हातातली दांडी तांदळाच्या दाण्याएवढी. चिमट्यात धरली तर उडून फरशीवर जाते आणि मग अख्खं घर शोधायला लागतं. अशा वेळी काही जण छंद सोडतात, तर काही जण माप बदलतात. हे दुसरे लोक काय करतात आणि त्यात काय सांभाळावं लागतं, ते पाहू.

आधी एक खुलासा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा लाकडाची उडणारी विमानं केलेली अनेकांना आठवत असतील. इथे त्यांची गोष्ट नाही. हे किट म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि विमान कपाटात मांडायचं.

माप म्हणजे काय?

खोक्यावर १/७२, १/४८, १/३२ किंवा १/२४ असं छापलेलं असतं. १/७२ म्हणजे मूळ विमानाचे ७२ सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर होतात. खालचा आकडा जितका लहान, तितकं मॉडेल मोठं. नवख्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर. मॉडेलमध्ये ते असे होतात:

- १/७२ : सुमारे १५.६ सेंमी
- १/४८ : सुमारे २३.४ सेंमी
- १/३२ : सुमारे ३५ सेंमी
- १/२४ : सुमारे ४७ सेंमी

साधारणपणे १/३२ आणि १/२४ ही मोठी मापं समजली जातात.

उतारवयात मोठं माप का जमतं?

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं. पुढे उजेडही जास्त लागतो. आता कॉकपिटमधल्या गोल तबकड्या घ्या. खऱ्या विमानात त्या साधारण ८ सेंमी व्यासाच्या असतात. १/७२ मध्ये ती तबकडी जेमतेम १ मिमी भरते, १/३२ मध्ये अडीच मिमी आणि १/२४ मध्ये ३ मिमीच्या वर. भिंगाच्या दिव्याखाली अडीच मिमीची तबकडी रंगवता येते. एक मिमीची तरुणांनाही जड जाते.

दुसरं कारण म्हणजे आतली यंत्रणा. मोठ्या किटमध्ये अनेकदा इंजिन, चाकांच्या खोबणी, बंदुकांचे कप्पे असं सगळं असतं. जपानच्या तामिया कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या १/३२ स्पिटफायरमध्ये बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन आहे आणि त्यावरची झाकणं लोहचुंबकाने बसतात, काढून आत बघता येतं. ज्यांचा जन्म वर्कशॉपमध्ये गेला, त्यांना हे बरोबर कळतं.

तिसरं कारण जुनी हौस. ब्रिटनच्या एअरफिक्सने १/२४ मापातलं पहिलं स्पिटफायर १९७० साली बाजारात आणलं. तेव्हाची शाळकरी मुलं आज साठी-पासष्टी ओलांडलेली आहेत. तेव्हा दुकानाच्या काचेतून पाहिलेला खोका आता पेन्शनमधून घेता येतो.

आपल्या ओळखीची विमानं

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बनत होतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते हवाई दलातून निवृत्त झालं. चीनच्या ट्रम्पीटर कंपनीने ते १/३२ मध्ये काढलं आहे. मात्र मिग-२१ चे उपप्रकार बरेच. आपल्याला हवा तोच आहे का आणि भारतीय चिन्हांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, खोक्यात आहेत का, हे आधी बघा. नसतील तर वेगळे घ्यावे लागतात.

गोव्याच्या लोकांना दाबोळीचं सी हॅरियर आठवत असेलच. नौदलातून ते २०१६ मध्ये निवृत्त झालं. १/२४ मध्ये ते सुमारे ६० सेंमी लांब होतं. खरं विमान बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे.

मोठं म्हणजे सोपं नव्हे

लांबी सव्वादोन पट झाली की रंगवायचा पृष्ठभाग पाच पट होतो. १/७२ वरून १/३२ वर जाताना नेमकं हेच घडतं. एवढ्या पंखावर ब्रशचे फराटे दिसतात, म्हणून बरेच जण एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घेतात. तो खर्च किटच्या किमतीत धरलेला नसतो. भागही जास्त असतात, त्यामुळे कामाला महिनोन्‌महिने लागू शकतात.

जागेचा प्रश्न तर घरोघरी. फूटभर खोलीच्या शोकेसमध्ये ४७ सेंमीचे पंख सरळ बसत नाहीत. उघड्यावर ठेवलं की धूळ, आणि धूळ पुसताना काही ना काही मोडतं. म्हणून किट मागवण्याआधी टेप घेऊन कपाट मोजा.

तब्येत सांभाळून

- प्लास्टिकचं सिमेंट आणि थिनर यांच्या वाफा डोक्यात जातात. खिडकी उघडी ठेवा, फवारताना मास्क लावा. दम्याचा त्रास असेल तर पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक रंग बरे, तरी मास्क हवाच.
- घासकाम ओल्या पॉलिश पेपरने करा, बारीक धूळ उडत नाही.
- फेव्हिक्विकसारखा डिंक पारदर्शक काचेच्या भागांना लावू नका, त्यावर पांढरट धुरकट डाग येतो.
- कोकण-गोवा-बेळगावच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. फवारणी कोरड्या दिवशी करा.
- तासाभराने उठा. मान आणि पाठ आधी बोलतात.
- चष्मा बदलूनही धूसर दिसत असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. हात नव्यानेच थरथरू लागला असेल तर डॉक्टरांना दाखवा. मोठं किट हा त्यावरचा उपाय नाही.

सुरुवात कशी करावी?

बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याने थेट १/२४ घेऊ नये. १/४८ चं एखादं साधं, एका इंजिनाचं विमान करून बघावं. चिमटा, बारीक कटर, पॉलिश पेपर आणि भिंगाचा दिवा एवढ्यावर भागतं. हात बसला की १/३२.

आणखी एक गोष्ट अनुभवी मंडळी हसत हसत सांगतात, पण ती खरी आहे. किट घेणं सोपं, जोडणं अवघड. माळ्यावर न उघडलेले खोके साचत जातात आणि उरलेल्या वर्षांत ते होणार नाहीत हे ज्याचं त्यालाच कळतं. हातातलं संपल्याशिवाय दुसरं घेऊ नका. जे होणार नाहीत ते एखाद्या हौशी मुलाला देऊन टाका. झालेल्या विमानांच्या खाली नाव, माप आणि साल लिहून ठेवा. पुढे घर आवरायला घेणाऱ्याला ती नुसती प्लास्टिकची खेळणी वाटायला नकोत.