नायिकेच्या हाती लेखणी

बाबा पदमनजींच्या ‘यमुना पर्यटन’ (१८५७) मधील यमुना आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्ष्यात कोण घेतो!’ मधील यमू यांचे नामसाम्य बहुधा योगायोगाचे असावे. दोघींना लेखकांनी दिलेले विशेष सामर्थ्यही एकच आहे. तो मात्र योगायोग मानता येणार नाही. दोघींनाही लिहिता-वाचता येते. बाईने अक्षर गिरवले तर वैधव्य ओढवते, असे मानणाऱ्या समाजात नायिकेची साक्षरता ही जवळजवळ अलौकिक शक्तीच होती.

या दोन कादंबऱ्यांच्या दरम्यान लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या येतात. तेथे नायिकेपाशी रूप असते, शील असते. कौशल्याची तिला गरज पडत नाही, कारण घडवून आणणारे सारे तिच्या बाहेर असते. आपल्या लोकांच्या संसारात कादंबरीला पुरेल असे नवलाचे काही घडत नाही, अशी तक्रार रिसबूडांनी प्रस्तावनेत केली होती. सुमारे वीस वर्षांनी हरिभाऊंनी त्याच संसारातून कादंबरी काढली, हे या तक्रारीला मिळालेले उत्तरच म्हणावे लागेल.

पदमनजींची यमुना कादंबरीत येते तीच शिकलेली. तिने ज्ञान कसे मिळवले यापेक्षा ते कोठे नेते यात लेखकाला रस आहे. पतीसह प्रवास करताना ती विधवांची दुःखे पाहते, त्यांच्याशी बोलते, स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिची विद्या लेखकाच्या युक्तिवादाला बांधलेली आहे. प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असल्याने ही विद्या कोठेही अडखळत नाही, आणि म्हणूनच ती पुरेशी खरी वाटत नाही.

यमूचे तसे नाही. १८९० पासून ‘करमणुकी’तून क्रमशः आलेल्या या कादंबरीत तिचे शिकणे पतीच्या प्रोत्साहनाने, पण घरातल्यांच्या नजरा चुकवत आणि टोमणे सोसत होते. असे शिकणे त्या काळात निव्वळ कल्पित नव्हते: १८७३ मध्ये विवाह झालेल्या रमाबाई रानडे यांनी पतीकडून घेतलेल्या धड्यांची आणि घरातील स्त्रियांच्या विरोधाची हकिकत पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये नोंदवली आहे. पती निवर्तल्यावर यमूचे सक्तीने केशवपन होते. तिचे वाचन तेथे तिला वाचवत नाही. एम. ए. च्या वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थिनी हमखास विचारतात: मग तिला शिकवले कशासाठी? प्रश्न रास्त आहे. कथानकाच्या पातळीवर यमूची विद्या निरुपयोगी ठरते. निवेदनाच्या पातळीवर मात्र तिच्यावाचून कादंबरीच संभवत नाही. आपण वाचतो ती यमूनेच लिहिलेली हकिकत आहे. घटनांवर तिची सत्ता नसली, तरी त्या कशा सांगायच्या यावर आहे.

येथे एक अडचण उरते. बेताच्या शिक्षणावर एवढे प्रदीर्घ आत्मकथन ती कसे लिहू शकेल? हरिभाऊंनी ही शंका युक्तिवादाने नव्हे, भाषेने निवारली. यमू पुस्तकी मराठी लिहीत नाही. माजघरातली, सासू-नणंदांमधली, ओघात मागेपुढे जाणारी भाषा ती लिहिते. तिचे खरे कौशल्य अक्षरज्ञानापेक्षा बायकांचे बोलणे जसेच्या तसे ध्यानात ठेवणारा कान हे आहे. अर्थात हा कान एका पुरुष लेखकाचा आहे, आणि स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेप येथून सुरू होतो. तो डावलता येत नाही. परंतु विवाहानंतर अक्षर शिकून लेखिका झालेल्या काशीबाई कानिटकरांशी हरिभाऊंचा निकटचा वाङ्मयीन स्नेह होता, हेही विसरू नये.

त्याच काशीबाईंनी ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) मध्ये स्त्रीच्या हाती लेखणीऐवजी राज्यकारभार दिला. त्यासाठी मात्र त्यांना पुण्या-मुंबईतले घर सोडून एका कल्पित संस्थानात जावे लागले.