मनिऑर्डरची जात

नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. 1880 मध्ये मनिऑर्डरचं काम टपाल खात्याकडे आलं. आपल्या खेड्यांचा इतिहास लिहिताना या दोन तारखा शेजारी ठेवल्या पाहिजेत. नागपूरच्या गिरणी कामगारांत महारांची संख्या मोठी होती. नरखेड-काटोलकडच्या माणसाला गावकीबाहेरचा रोख पैसा दिसला तो असा. बलुतं मागावं लागतं, पगार मोजून घेता येतो. गावात राहिलेल्या बाईच्या हाती चार रुपये पडले की मीठ-तेल उधारीवर आणावं लागत नाही, आणि वेठीला नाही म्हणता येतं.

पण 'शहरात जात नसते' म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्या आठवाव्यात. तिथं जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. म्हणजे गावी किती रुपये जाणार, हेही जातच ठरवत होती.

आज नरखेडचा पोरगा हिंगणा, बुटीबोरीहून मोबाईलवर पैसे पाठवतो. किराणा, औषध, बहिणीची फी भागते. संत्र्याची बाग मात्र त्यात येत नाही. दादासाहेब गायकवाडांनी डिसेंबर 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, लोकांनी तुरुंग भरले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यांची मागणी होती. ती घेऊन आपल्यातले किती जण आज तहसीलवर जातात?