बाजदारांची रीत आणि मॉरिशसचा ससाणा

१९७४ साली मॉरिशसच्या जंगलात केस्ट्रल ससाण्याचे चारच पक्षी उरल्याची नोंद आहे. अंडी घालणारी मादी त्यात एकच. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणारी, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी खरुची याच्याच भावकीतली. पण बेटावरच्या या ससाण्याचे पंख आखूड आणि टोकाला गोलसर, कारण त्याला झाडांच्या दाटीतून वळत-वळत हिरव्या पाली उचलायच्या असतात. पुढच्या वीस वर्षांत त्या चारांचे दोनशेच्या वर झाले. ही हकीकत सांगताना अंडी उबवायच्या यंत्रांचं आणि शास्त्रज्ञांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण ज्या रीतीने ही पिल्लं रानात सोडली गेली ती शिकारी पक्षी पाळणाऱ्या बाजदारांची. त्यांचं देणं फारसं कुणी मोजत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

रीत अशी. रानात धरलेला ससाणा आईबापांकडून उडायला आणि झेप घालायला शिकून आलेला असतो. घरट्यातून काढून आणलेल्या पिल्लाला यातलं काहीच येत नाही, अंगात जोरही नसतो. म्हणून युरोपातले बाजदार अशा पिल्लांना काही आठवडे मोकळं सोडत. ठरल्या जागी, ठरल्या वेळी मांस ठेवत. पिल्लं दिवसभर हुंदडत आणि भूक लागली की तिथे येत. एखादं पिल्लू जेवायला आलं नाही तर त्याला स्वतःची शिकार साधू लागली असं समजायचं आणि वेळ न दवडता त्याला धरायचं. याला ते ‘हॅकिंग’ म्हणत. अमेरिकेत टॉम केड यांनी यातली शेवटची पायरी गाळली. केड स्वतः बाजदार होते आणि कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापकही. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन, आईच्याच वजनाखाली अंडी फुटून, अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा घरटी करायचा नाहीसा झाला होता. १९७० साली केड यांनी पेरेग्रिन फंड उभा केला, १९७२ साली तिथे डीडीटीवर बंदी आली आणि १९७५ साली पिंजऱ्यात जन्मलेली सोळा पिल्लं या रीतीने मोकळी झाली. पुन्हा धरायची नाहीत, एवढाच फरक. मला तो फार मोठा वाटतो. हातावर बसवायला पक्षी हवा म्हणून ज्यांनी ही विद्या शेकडो वर्षं जपली, त्यांच्याच वारसदारांनी ती पक्षी हातातून जावा म्हणून वापरली.

मॉरिशसमध्ये नुसतं डीडीटी नव्हतं. उसासाठी जंगल आधीच साफ झालेलं. माकडं आणि उंदीर माणसाबरोबर शतकांपूर्वी बेटावर उतरलेले, आणि प्लेगच्या धास्तीने उंदीर मारायला म्हणून १९०० साली मुंगूस आणलेले. मुंगसाने उंदीर खाल्ले, तशी जमिनीवर उतरलेली पाखरंही खाल्ली. त्यात मलेरियाच्या डासांवर आणि पिकांवर विषाची फवारणी. शिवाय हा पक्षी कोंबड्या पळवतो अशी गावोगाव समजूत. मुठीत मावेल एवढा, पाली आणि चतुर खाणारा हा जीव कोंबडी कुठली नेणार! तरी लोक बंदुकीने टिपत.

१९७९ साली वेल्सचे कार्ल जोन्स तिथे आले. हा ससाणा वाचवण्याचा, आशा सोडलेला प्रकल्प गुंडाळायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी तो गुंडाळला नाही. शाळकरी वयापासून ते घराच्या परसात शिकारी पक्षी पाळत, वाढवत आले होते, आणि तोच हात इथे उपयोगी पडला. रानातल्या जोडीची पहिली अंडी काढून घेतली की मादी दुसऱ्यांदा घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची. उबताना अंड्यातलं पाणी उडून वजन उतरत जातं, ते ठरावीक प्रमाणातच उतरायला हवं. म्हणून अंडं तराजूवर घालायचं आणि त्यावरून हवेतला ओलावा कमी-जास्त करायचा. जोडीला अंगावर मांस धरता यावं म्हणून रानात वरचं अन्न पुरवायचं. हवेत उडवलेला पांढरा उंदीर ससाणा वरच्या वर झेलतो, ते पाहताना श्वास अडकतो.

१९८९ च्या अखेरीस मी बेटाच्या पूर्वेकडच्या बांबू डोंगरांत मदतनीस म्हणून होते. तिथले ससाणे १९५० च्या दशकातच संपले होते आणि १९८७ पासून पिल्लं सोडून नव्याने वस्ती उभी केली जात होती. सुमारे चार आठवड्यांची पिल्लं लाकडी पेटीत ठेवलेली. पेटीच्या तोंडाला गज, म्हणजे त्यांना समोरचं रान दिसावं. खाणं मागून, आमचा हात दिसणार नाही असं सरकवायचं. माणूस आणि अन्न यांची गाठ त्यांच्या मनात या वयात पडू द्यायची नाही. जवळपास मुंगसांसाठी सापळे. गज काढले त्या सकाळी एकही पिल्लू बाहेर पडेना. मग एक नर पेटीच्या कडेवर आला, मान वर-खाली करत समोरच्या फांदीचं अंतर जोखत राहिला, आणि उडाला तो फांदी चुकवून खालच्या झुडपात. सगळी दुपार तो तिथेच ओरडत बसला. उचलून वर ठेवायची मनाई होती. संध्याकाळी तो एकेक फांदी चढत वर आला.

खरं काम त्यानंतरचं. रोज पेटीच्या छतावर मांस ठेवायचं, लांब जाऊन दुर्बीण लावायची आणि पायातल्या रंगीत कड्यांवरून कोण आलं, कोण नाही हे वहीत उतरवायचं. बाजदाराला न आलेलं पिल्लू शिकारीला लागलेलं वाटे. आम्हाला तेवढ्यावर थांबता येत नसे, कारण न येण्याचा दुसरा अर्थ मुंगूस. मग त्या कड्या शोधत दऱ्या पालथ्या घालायच्या. आमच्यात एक तिथलेच मराठी गृहस्थ होते. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले. माझ्या कानाला नुसतं रान ऐकू येई तिथे ते भुकेल्या पिल्लाची हाक वेगळी काढत. त्यांच्या घरी पंचांगाबरोबर ससाण्यांचाही हिशेब चाले. गणपती आले की जोड्या जमायला लागतात, दिवाळीच्या सुमाराला पिल्लं.

१९९३-९४ च्या हंगामापर्यंत तीनशेच्या वर पिल्लं सोडून झाली आणि मग सोडणं थांबवलं. कार्ल जोन्स यांना २०१६ चा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला. २०२२ साली मॉरिशसने या ससाण्याला राष्ट्रीय पक्षी केलं. पण उत्तरेकडच्या मोका डोंगरांत सोडलेल्यांची वस्ती टिकली नाही, आणि २०१४ साली ही जात पुन्हा ‘धोक्यात’च्या यादीत गेली. चांगलं मूळ जंगल फारच थोडं उरलंय, आणि ढोल्या असलेली जुनी झाडं त्याहून कमी. त्यामुळे पुष्कळ जोड्या आजही माणसाने टांगलेल्या पेट्यांत अंडी घालतात. पावसावाऱ्यात त्या पेट्या कुजतात, वादळात पडतात. हंगामाआधी कुणीतरी दोर बांधून वर चढतं, फळ्या बदलतं, आणि पिल्लं झाली की त्यांच्या पायांत कड्या घालून खाली उतरतं.